‘प्लेट बदलून मिळतील’: जुन्या ट्युब्युलर बॅटरीच्या रिबिल्ट सेवेची पारख

तालुक्याच्या बाजारपेठेत बॅटरीवाल्याच्या पाटीवर ‘जुन्या बॅटऱ्यांच्या प्लेट बदलून मिळतील’ ही ओळ हमखास दिसते. शेतघर, वाडी किंवा डोंगरातली वस्ती सौर पॅनलवर चालवणाऱ्याला त्या ओळीचा मोह पडतो, आणि त्यात चूक काही नाही. पॅनल वीस-पंचवीस वर्षं चालतं, बॅटरी मात्र चार-सहा वर्षांत बसते, आणि दर खेपेला नवी घेणं खिशाला झेपतंच असं नाही.

ही पारख कुठल्या एका दुकानाची नाही, त्या कामाची आहे. नमुना म्हणून समोर ठेवली आहे सगळीकडे दिसणारी १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप) उंच ट्युब्युलर बॅटरी: आत सहा सेल, अ‍ॅसिडसकट वजन पन्नास किलोच्या वर, पॉझिटिव्ह प्लेट नळ्यांच्या आणि निगेटिव्ह सपाट. गाडीची बॅटरी किंवा पाणी न लागणारी सीलबंद बॅटरी यात धरलेली नाही. त्या रिबिल्ट करायच्या, म्हणजे उघडून प्लेट बदलून पुन्हा बांधायच्या, भानगडीत पडूच नये.

निकाल आधीच सांगून टाकू. सहाही सेलच्या पॉझिटिव्ह प्लेट नव्या, सेपरेटर (प्लेट एकमेकींना टेकू न देणारे पातळ पापुद्रे) नवे, दोन-तीन दिवसांचं पहिलं चार्जिंग आणि शेवटी प्रत्यक्ष मोजून लिहून दिलेले एएच, एवढं मिळणार असेल आणि खर्च भंगार वजा जाता नव्या बॅटरीच्या निम्म्यात बसत असेल, तर सेवा घेण्यासारखी आहे. एकच सेल गेलाय, बाकीचे पाच ठणठणीत आहेत आणि वॉरंटी संपलीय, अशा वेळी तर नक्कीच घ्यावी. ‘अ‍ॅसिड बदलून, सर्व्हिसिंग करून देतो’ या प्रकाराला मात्र पाचपैकी एक तारा, तोही माणूस येऊन ते धूड उचलून नेतो म्हणून. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेर कुणालाही झाकण उघडू देऊ नका, सरळ कंपनीच्या डीलरकडे जा.

दुकान गाठण्याआधी

बॅटरी मेली आहे की नुसती उपाशी आहे, हे घरीच कळतं. त्यासाठी लागतो रबरी फुग्याचा काचेचा हायड्रोमीटर, साधा मल्टिमीटर, डिस्टिल्ड वॉटर, चष्मा आणि रबरी हातमोजे. शेजारी पाण्यात कालवलेला खायचा सोडा ठेवावा, अ‍ॅसिड सांडलं तर त्यावर ओतायला. अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर मात्र सोडा नाही, फक्त भरपूर वाहतं पाणी.

आधी पाणी प्लेटच्या वर सेंटीमीटरभर येईल इतकंच भरा. मग बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि चार तास तशीच सोडून द्या. त्यानंतर सहाही सेलची ग्रॅव्हिटी (सेलमधलं द्रव पाण्याच्या किती पट जड आहे तो हायड्रोमीटरवरचा आकडा) घेऊन कागदावर ओळीने लिहा, पॉझिटिव्ह टोकापासून १ ते ६. पाणी भरल्या भरल्या घेतलेली ग्रॅव्हिटी खोटी असते, कारण नवं पाणी वरच तरंगतं आणि चार्जिंगच्या बुडबुड्यांनी ढवळलं गेल्याशिवाय मिसळत नाही. तापमानाचाही हिशोब धरा. भारतात ग्रॅव्हिटी २७ अंशांवर सांगतात आणि दर १० अंशांना ०.००७ चा फरक पडतो. म्हणजे एप्रिलच्या दुपारी अ‍ॅसिड ४२ अंशांवर असताना १.२३० दिसलं, तर ते खरं १.२४० आहे, आणि ट्युब्युलर बॅटरीसाठी ती पूर्ण चार्जची ग्रॅव्हिटी.

आता त्या सहा आकड्यांकडे बघा. पाच सेल १.२३० ते १.२४० आणि एक १.१०० च्या आसपास, चार्जिंग चालू असताना त्या एकातच बुडबुडे नाहीत, आणि बॅटरीचं स्थिर व्होल्टेज साडेदहाच्या आसपास: हा सेल शॉर्ट झालाय. कितीही चार्ज करा, तो उठणार नाही. एक सेल बदलण्याची केस ती हीच.

सहाही सेल सारखेच खाली, समजा १.१६० ते १.१८०, आणि चार्जर लावताच व्होल्टेज भराभर चढून करंट पडतो: हे सल्फेशन. प्लेटवर लेड सल्फेटचे मोठे, कडक स्फटिक बसले आहेत. अशी बॅटरी दुकानात न्यायची घाई करू नका. १५० एएचला ३ ते ५ अँपिअर इतक्या मंद करंटने २४ ते ७२ तास चार्जिंग द्या. व्होल्टेज १५ ते १५.६ पर्यंत चढू द्यावं लागतं, म्हणून आधी इन्व्हर्टर आणि डीसी दिवे सोडवून ठेवा. अ‍ॅसिड ५० अंशांवर गेलं तर थांबा, ४५ च्या खाली आलं की पुन्हा सुरू करा. दोन-दोन तासांनी घेतलेली ग्रॅव्हिटी लागोपाठ तीनदा जराही वाढली नाही, की जेवढं परत यायचं तेवढं आलं. सहा महिने अर्धवट चार्ज राहिलेली बॅटरी या उपायाने पुष्कळदा उठते. दोन वर्षं कोपऱ्यात कोरडी पडलेली उठत नाही.

तिसरा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त चकवतो. ग्रॅव्हिटी सहाही सेलमध्ये झकास १.२४०, व्होल्टेज साडेबारा, आणि रात्री दोन दिवे-एक पंखा लावला की दीड तासात इन्व्हर्टर ओरडायला लागतो. इथे अ‍ॅसिड ठीक आहे, पण पॉझिटिव्ह नळ्यांमधला माल झडलाय किंवा नळीतल्या शिशाच्या काड्या गंजून तुटल्यात. चार्जिंगने, औषधाने, कशानेही झडलेला माल परत चिकटत नाही. प्लेट बदलणं हाच मार्ग. हायड्रोमीटरमध्ये ओढलेलं अ‍ॅसिड तपकिरी-काळसर गढूळ असेल तर निदान पक्कं समजा.

एक चौथी गोष्टही बघायची: सगळ्या सेलमध्ये १.२८० ते १.३०० दिसत असेल तर खूश होऊ नका. कुणीतरी पाण्याऐवजी अ‍ॅसिड टाकलंय. ग्रॅव्हिटी वाढलेली दिसते, क्षमता वाढत नाही, आणि तिखट अ‍ॅसिडमध्ये पॉझिटिव्हच्या काड्या आणखी लवकर गंजतात. स्वस्तातल्या ‘सर्व्हिसिंग’मध्ये बऱ्याचदा झालेलं असतं ते एवढंच.

दुकानात नक्की काय व्हायला हवं

खरा कसबी बॅटरीवाला उघडण्याआधी बॅटरी स्वतः चार्ज करतो आणि सहा सेलची ग्रॅव्हिटी लिहून घेतो. तुमच्या कागदाशी ती जुळली की पुढचं बोलणं सोपं. बॅटरी हातात घेतल्या घेतल्या जो भाव सांगतो, त्याने आत काय करायचं ते आधीच ठरवलेलं असतं.

जुन्या काळी काम सोपं होतं. कडक रबराचा डबा, वर डांबराचं सील, आणि सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या झाकणाच्या वर उघड्या. पट्टी कापा, डांबर तापवा, सेल उचला. आताचा डबा पॉलिप्रॉपिलिनचा, झाकण उष्णतेने चिकटवलेलं, आणि सेलची जोडणी आतल्या पडद्यांतून आरपार गेलेली. एक सेल काढायचा तरी दोन्ही बाजूंचे सांधे कापावे लागतात. एका सेलचा खर्च पूर्ण कामाच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त का पडतो, याचं उत्तर इथे आहे. त्यावरून घासाघीस करण्यात अर्थ नाही.

झाकण कापून प्लेटचा गठ्ठा वर आला की तिथे हजर राहता आलं तर जरूर राहा. चार्ज झालेली निगेटिव्ह प्लेट म्हणजे स्पंजासारखं सच्छिद्र शिसं. हवा लागली की ते तापतं, ओल्या गठ्ठ्यातून वाफ निघायला लागते आणि प्लेटचा चार्ज तिथल्या तिथे उडून जातो. चांगला कारागीर गठ्ठा काढला की निगेटिव्ह लगेच पाण्याच्या टबात बुडवतो. दुकानाच्या फळीवर निगेटिव्ह प्लेट उन्हात वाळत पडलेल्या दिसल्या आणि त्याच परत घालायच्या असतील, तर दुसरं दुकान बघा.

पॉझिटिव्ह बघताना नळीची खालची पट्टी निसटली आहे का, कापडी नळी फाटली आहे का, आणि नळीतली काडी वाकवली तर वाकते की बिस्किटासारखी तुटते, हे पाहा. तुटली तर ती प्लेट संपली. सेपरेटरच्या कडांवर शिशाचं शेवाळ चढलेलं असेल तर शॉर्ट तिथूनच झालाय.

नुसत्या पॉझिटिव्ह बदलून निगेटिव्ह जुन्या ठेवणं, हा प्रघात रास्त आहे, कारण ट्युब्युलरमध्ये आधी मरते ती बहुतेक वेळा पॉझिटिव्हच. पण त्याची किंमत असते. जुन्या पॉझिटिव्हच्या काड्यांमधलं अँटिमनी (शिशाला कडक करायला मिसळलेला धातू) वर्षानुवर्षं सुटून निगेटिव्हवर जाऊन बसलेलं असतं. त्यामुळे अशी बॅटरी बुडबुडे लवकर सोडते, पाणी जास्त पिते आणि नुसती ठेवली तरी लवकर उतरते. दर तीन महिन्यांनी पाणी बघत असाल तर रिबिल्ट झाल्यावर दर महिन्याला बघा. निगेटिव्ह फुगलेल्या, भुसभुशीत किंवा दगडासारख्या कडक झाल्या असतील तर त्याही बदलायलाच हव्यात. मग मात्र खर्च निम्म्याच्या वर जातो आणि नवी घेणं शहाणपणाचं ठरतं.

प्लेट मोजा. प्रत्येक सेलमध्ये निगेटिव्ह पॉझिटिव्हपेक्षा एकने जास्त असते. उघडताना पॉझिटिव्ह किती निघाल्या तो आकडा लिहून ठेवा, बंद करताना तेवढ्याच जायला हव्यात. या धंद्यातली सर्रास चालणारी लबाडी म्हणजे एक पॉझिटिव्ह कमी घालून मोकळ्या जागेत प्लास्टिकची पाचर ठोकणे. झाकण लागल्यावर कुणाला दिसणार? त्यावर सोपा तोडगा वजनकाटा. पाणी एकाच पातळीवर ठेवून नेताना आणि आणताना बॅटरी तोला. झडक्या प्लेटच्या जागी नव्या आल्या असतील तर वजन कमी व्हायचं कारण नाही. दोन-तीन किलो हलकी होऊन आली तर शिसं कमी पडलंय.

नव्या प्लेटच्या कानांना (वर आलेल्या शिशाच्या टोकांना) तारेच्या ब्रशने चकचकीत करून, कंगव्यासारख्या साच्यात उभं करून, वरून शिशाची कांडी वितळवून पट्टी ओततात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे ज्योत जरा कमी पडली तर शिसं कानाभोवती नुसतं गोठतं, कानात मुरत नाही. वरून हा सांधा अगदी सुरेख दिसतो. दिव्याच्या भाराला चालतो, आणि पंप सुरू केल्या केल्या तापून सुटतो. सेल बदललेली बॅटरी महिनाभरात ‘पुन्हा मेली’ अशी तक्रार येते तेव्हा प्लेटपेक्षा हा कच्चा सांधाच जास्त वेळा निघतो.

झाकण परत लावताना इपॉक्सी पुटी वापरत असतील तर नको म्हणा. पॉलिप्रॉपिलिनला ती धरत नाही. दोन उन्हाळ्यांत सुटते आणि अ‍ॅसिड झिरपून टर्मिनलवर हिरवा-पांढरा फुलोरा येतो. डबा आणि झाकण दोन्ही तापवून एकमेकांत वितळवायला हवेत. अ‍ॅसिड भरण्याआधी एका सेलच्या भोकातून फुग्याने हवा भरायची आणि शेजारच्या सेलमधून ती येते का बघायचं. आली तर आतल्या पडद्याजवळचा सांधा गळका आहे, आणि ते दोन सेल कायम एकमेकांना उतरवत राहणार. पाच मिनिटांची तपासणी, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

मग अ‍ॅसिड. नव्या, चार्ज न केलेल्या प्लेटवर सुरुवातीला १.२०० ते १.२२० चं अ‍ॅसिड भरतात, दोन-चार तास भिजू देतात, तापमान उतरलं की चार्जिंग. ग्रॅव्हिटी जुळवायची ती शेवटी, चार्जिंग पूर्ण झाल्यावर. उतरलेल्या जुन्या बॅटरीतलं अ‍ॅसिड ओतून त्यात ताजं १.२४० भरण्याची पद्धत साफ चुकीची आहे. निम्मं अ‍ॅसिड तर सल्फेट होऊन प्लेटमध्ये अडकलेलं असतं. चार्ज करताना ते बाहेर येतं आणि ग्रॅव्हिटी १.३०० च्या पुढे पळते. या एकाच प्रश्नावर बॅटरीवाल्याची परीक्षा होते. ‘अ‍ॅसिड कधी जुळवता?’ असं विचारा. ‘चार्ज झाल्यावर’ असं उत्तर आलं तर माणूस जाणकार आहे.

आणि वेळ. नव्या ट्युब्युलर प्लेटला पहिल्या चार्जिंगमध्ये क्षमतेच्या कितीतरी पट एएच द्यावे लागतात. १५० एएचला १० अँपिअरने ७२ तास म्हणजे ७२० एएच, आणि हे काही फार नाही. सकाळी दिलेली बॅटरी संध्याकाळी ‘प्लेट बदलून तयार’ असेल, तर दोन शक्यता उरतात: प्लेट बदललेल्या नाहीत, किंवा बदलल्यात पण पहिल्या चार्जिंगने पिकलेल्या नाहीत. दुसरी जास्त वाईट, कारण पैसे खरंच खर्च होऊनही क्षमता कधीच पूर्ण मिळत नाही.

घरी आल्यावरची परीक्षा

दुकानदार दाखवतो तो लोड टेस्टर (बॅटरीवर क्षणभर मोठा भार टाकून बघणारं यंत्र) म्हणजे दहा सेकंदांचा खेळ. त्याने कच्चा सांधा कळतो, एएच कळत नाहीत. ऑफ-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या विजेशिवाय चालणाऱ्या, घराला हवेत एएच.

परीक्षा स्वस्तातली आहे. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडा. मिळून साधारण ९ अँपिअर ओढतात. पूर्ण चार्ज झालेली, चार तास विसावलेली बॅटरी त्यांना लावा आणि दर तासाला व्होल्टेज आणि डीसी क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती अडकवून करंट मोजतात तो) करंट लिहा. व्होल्टेज १०.५ ला आलं की थांबा, त्याच्या खाली अजिबात नाही. अँपिअर गुणिले तास, हे तुमचे खरे एएच. तेरा तासांच्या पुढे गेली तर १२० च्या आसपास भरली, आणि रिबिल्टसाठी हा चांगला आकडा आहे. नऊ तासांत बसली तर ८० एएच. ती परत न्या. (बल्ब उघड्यावर ठेवा, काच प्रचंड तापते.) डब्यावर कुठला दर लिहिलाय तेही बघा. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर बहुधा २० तासांच्या दराने (बॅटरी २० तासांत सावकाश उतरवली तर मिळणारे) एएच छापलेले असतात, सोलरच्या म्हणून विकल्या जाणाऱ्यांवर १० तासांच्या. तीच बॅटरी २० तासांच्या दराने जास्त एएच दाखवते, म्हणून तुलना सारख्या दराने करायची.

थांबल्या थांबल्या सहाही सेलची ग्रॅव्हिटी घ्या. सगळे १.१३० ते १.१५० मध्ये असतील तर जुळणी चांगली. एकच सेल १.०८० असेल तर तो बाकीच्यांना खाली ओढतोय. मग उशीर न करता चार्जिंगला लावा, उतरलेली बॅटरी रात्रभर तशीच ठेवली तर परीक्षेनेच नुकसान होतं.

दुसरी परीक्षा एका मिनिटाची. इन्व्हर्टरवर ७५० वॅटची इस्त्री लावली की बॅटरीतून सत्तर-ऐंशी अँपिअर जातात. मिनिटभराने बंद करा आणि झाकणावर पडद्यांच्या रेषांवरून हात फिरवा. एखाद्या रेषेवर गरम डाग लागला तर खाली कच्चा सांधा आहे.

पावडरी, गोळ्या आणि पल्सवाली पेटी

रिबिल्टचा खर्च टाळायचा म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या वस्तूंकडे लोक वळतात. त्यांच्याबद्दल थोडक्यात.

बॅटरीत टाकायच्या पावडरी जवळपास सगळ्या मॅग्नेशियम किंवा सोडियम सल्फेटच्या जातकुळीतल्या, म्हणजे एप्सम सॉल्टचे भाऊबंद. अमेरिकेत १९५० च्या दशकात एडी-एक्स२ नावाच्या अशाच पावडरीवरून मोठं रण माजलं होतं. तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने ती तपासून निरुपयोगी ठरवली, म्हणून १९५३ मध्ये संस्थेचे संचालक अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांनाच पदावरून काढायला निघाले. शास्त्रज्ञांनी गदारोळ केल्यावर ते पदावर राहिले. तसल्याच पावडरी अजून विकल्या जातात. शून्य तारे.

ईडीटीए हे रसायन सल्फेट विरघळवतं हे खरं, पण अ‍ॅसिडमध्ये ते स्वतःच नीट विरघळत नाही. मग अ‍ॅसिड काढून वापरायचं, धुवायचं, शिशाने भरलेलं पाणी कुठेतरी ओतायचं. घरात हा उद्योग नकोच.

पल्स डिसल्फेटर, म्हणजे विजेचे बारीक झटके देऊन सल्फेट सोडवू पाहणारी पेटी: चांगल्या बॅटरीवर कायम लावून ठेवला तर नुकसान नाही. पण ज्या कामाचं श्रेय त्याला दिलं जातं ते बरंचसं सोबतच्या मंद, लांब चार्जिंगचं असतं. स्वस्तातल्या पेट्या चालतात त्याही बॅटरीच्याच जिवावर, हे पावसाळ्यात लक्षात ठेवा. दोन तारे. त्या पैशात चांगला हायड्रोमीटर आणि डीसी क्लॅम्प मीटर आला तर त्याला पाच.

बॅटरी उलटी करून धुण्याचा सल्ला व्हिडिओंमध्ये फार दिसतो. तळाचा गाळ तळाशी आहे म्हणून निरुपद्रवी आहे. उलटी केली की तो प्लेटच्या माथ्यावर येऊन अडकतो आणि चांगला सेल शॉर्ट होतो.

पैशांचा हिशोब

‘नवी पंधरा हजार, रिबिल्ट सात हजार, म्हणजे आठ हजार वाचले’ हा हिशोब फसवा आहे. आकडे समजुतीसाठी धरू, तुमच्या गावचे घाला. नवी १५,०००, जुनीचे भंगारात ४,५०० वजा, म्हणजे खिशातून १०,५००. ती १५० एएच आणि पाच वर्षं चालली, तर एका एएचला वर्षाला १४ रुपये. रिबिल्ट ७,०००, मोजून १२० एएच, दोन वर्षं चालली, तर तोच खर्च २९ रुपये. दुप्पट! हीच रिबिल्ट ५,२५० ला, १३० एएच भरलेली आणि तीन वर्षं चाललेली असेल तर साडेतेरा. वर ‘भंगार वजा जाता निम्मी’ ही रेघ ओढली ती यामुळे. एक सेल २,००० मध्ये बदलून ११० एएच दीड वर्ष मिळाले तर बारा रुपये, म्हणजे सगळ्यात स्वस्त. बदललेल्या सेलच्या जागी त्याच वयाचा, चांगला मोजलेला जुना सेल मिळाला तर कोऱ्या सेलपेक्षा तो जास्त जुळतो, कारण कोरा सेल आधी भरतो आणि बाकीचे भरेपर्यंत नुसता उकळत राहतो.

दुकानदार काढलेल्या जुन्या प्लेट स्वतःकडे ठेवतो, आणि त्या शिशाला भाव आहे. तो भाव बिलातून वजा करायला सांगा. बहुतेक जण सांगितल्यावर करतात.

बिलावर एवढं लिहून घ्या: बदललेल्या पॉझिटिव्हची संख्या, निगेटिव्ह नव्या की जुन्या, पहिल्या चार्जिंगचे तास, देतानाची सहा सेलची ग्रॅव्हिटी, आणि किमान सहा महिन्यांची हमी मोजलेल्या एएचवर. ‘बॅटरी चालू राहील’ ही हमी काहीच नाही. मेलेली बॅटरीही एक दिवा पेटवते.

रिबिल्ट बॅटरी घरात कुठे बसवायची

२४ किंवा ४८ व्होल्टच्या माळेत (एकामागे एक जोडलेल्या बॅटऱ्यांत) नवीसोबत ती जोडू नका. माळ कमकुवत बॅटरीच्या चालीने चालते, आणि चार्जिंगमध्ये नवीवर व्होल्टेज चढतं, जुनी उपाशी राहते. १२ व्होल्टच्या स्वतंत्र फळीवर तिला दिवे, पंखे, राउटर, मोबाइल द्या. मोजून १२० एएच भरलेली बॅटरी रोज निम्मीच उतरवायची म्हणजे ६० एएच, साधारण ७०० वॅट-तास. पाच एलईडी दिवे आणि एक बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा रात्रभर आरामात. पाण्याचा पंप तिच्यावर नको.

पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर ‘फ्लडेड’वर (पाणी लागणाऱ्या बॅटरीच्या सेटिंगवर) ठेवा: अ‍ॅबसॉर्प्शन (भरत आल्यावरचं व्होल्टेज) १४.४ ते १४.८, फ्लोट (भरल्यावर टिकवायचं) १३.५ ते १३.८, आणि महिन्यातून एकदा १५ च्या पुढचं इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे करणारं जादा चार्जिंग), तेही पाणी तपासून. बऱ्याच कंट्रोलरवर मूळ सेटिंग सीलबंद बॅटरीचं असतं. त्यावर ट्युब्युलर कायम अर्धपोटी राहते.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे पॅनल धड काही देत नाही. बॅटऱ्यांवर सल्फेशन चढतं ते याच दिवसांत. दहा दिवसांतून एकदा जनरेटरवर चार्जर लावून ती पूर्ण भरली, म्हणजे सहाही सेल उकळेपर्यंत, तर रिबिल्टचं आयुष्य एका पावसाळ्याने तरी वाढतं. चार्जिंगची खोली हवेशीर हवी. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. बुडबुडे सुटत असताना टर्मिनलची क्लिप काढू नका, आधी चार्जर बंद.

प्लेट बदलण्याचं काम मात्र घरी करू नये, हात कितीही चांगला असला तरी. मंद चार्जिंग, पाणी, एएचची परीक्षा घरी. कापणं, वितळवणं, ओतणं दुकानात. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोय सुर मेर वस्तीत घरोघरी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढत असत. २००७-०८ मध्ये काही महिन्यांत तिथे १८ मुलं शिशाच्या विषबाधेने दगावली. शिशाची धूळ कपड्यांवरून, अंगणातल्या मातीतून घरात येते आणि सगळ्यात आधी रांगत्या मुलांच्या तोंडात जाते. ज्या दुकानात हे काम जेवणाच्या डब्याशेजारी चालतं, तिथे सोबत मुलं नेऊ नका.

ग्रॅव्हिटी, एएच आणि हिशोब तिन्ही विरोधात गेले, तर जुनी बॅटरी नव्याच्या बदल्यात डीलरकडे द्या, किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या रिफर्बिशर-रिसायकलरकडे (जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा किंवा मोडून माल काढणारा). बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ पासून लागू आहेत आणि रिफर्बिशरला अशी नोंदणी लागते, तेव्हा प्लेट बदलून देणाऱ्यालाही ती विचारायला हरकत नाही. भंगारवाल्याने अंगणातच अ‍ॅसिड ओतून बॅटरी हलकी करायची ठरवली तर थांबवा. तिच्यात पंधरा लिटरहून जास्त अ‍ॅसिड असतं आणि त्यात शिसं मिसळलेलं असतं. भाव किलोवर ठरत असेल तर तो अ‍ॅसिडसकट आहे की अ‍ॅसिड काढून, हे बॅटरी काट्यावर चढवण्याआधी विचारा.